पोटॅशियम ९.१, आणि पेशंट बाकावर बसून गप्पा मारतोय

प्रश्न असा आला आहे: "क्लिनिकल लॅबोरेटरी सायन्सच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष पाठांतरावर निभावलं. आता बायोकेमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, रक्तपेढी असं सगळं एकदम अंगावर आलंय. प्रॅक्टिकलला स्मिअर जमत नाही, गणित कच्चं आहे. अभ्यास नेमका कसा करू? आणि सगळे म्हणतात की आता मशीनच सगळं करतं, मग एवढं शिकायचं तरी कशाला?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर पटलं की बाकीचा अभ्यास कुठून धरायचा ते आपोआप दिसायला लागेल.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका सॅम्पलचं पोटॅशियम ९.१ मिलिमोल आलं. निरोगी माणसाचं साडेतीन ते पाचच्या आसपास असतं. खरोखरच ९ च्या वर गेलं तर हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावायला उठले. शेजारच्या टेबलावरच्या वरिष्ठ बाईंनी मायक्रोस्कोपवरची मानही न उचलता विचारलं, "कॅल्शियम किती आलंय?" बघितलं तर ४.२ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी. "आणि अल्कलाइन फॉस्फटेज?" ते जवळजवळ तळाला. "मग आधी पेशंटला बोलाव आणि नवीन सॅम्पल घे." पेशंट बाहेर बाकावर बसून शेजाऱ्याशी गप्पा मारत होता. नवीन सॅम्पलचं पोटॅशियम ४.३ आलं.

झालं होतं असं, की रक्त घेणाऱ्यानं आधी जांभळ्या टोपीची ट्यूब भरली. बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबला रक्त कमी पडलं, म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, आणि तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते पोटॅशियम सॅम्पलमध्ये उतरलं. ईडीटीएचं कामच कॅल्शियम पकडून ठेवण्याचं, त्यामुळेच तर रक्त गोठत नाही. म्हणून कॅल्शियम खाली आलं. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं. तेही ईडीटीएनं पळवलं.

मशीननं त्या दिवशी काहीही चूक केली नव्हती. ट्यूबमध्ये पोटॅशियम खरोखरच ९.१ होतं. पेशंटमध्ये ते नव्हतं, एवढंच. दंडापासून मशीनच्या सुईपर्यंतच्या वाटेवर त्या रक्ताचं काय काय झालं हे मशीनला दिसत नाही. ते ओळखणारा माणूस घडवण्यासाठी ही पदवी आहे. आणि मशीन जितकं वेगवान होतं तितका हा माणूस जास्त लागतो, कारण हातानं काम व्हायचं तेव्हा एखाद्या बिघाडात तासाभरात पाच-दहा खोटे आकडे बाहेर जायचे, आता काही शे जाऊ शकतात.

म्हणून कुठलीही टेस्ट शिकायला घेतलीस की वहीत तिच्या नावाखाली पहिली ओळ लिहायची: हा आकडा खोटा कसा येईल? तत्त्व, कृती, नॉर्मल रेंज हे सगळं त्याच्या खाली. या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलीस की तत्त्व समजून घ्यावंच लागतं, पाठ करून भागत नाही. मी स्वतः हे फार उशिरा, नोकरीत शिकले. तुझ्याकडे अजून वेळ आहे.

सॅम्पल कलेक्शनचा धडा सगळे पहिल्या वर्षी उरकून टाकतात. तो पुन्हा उघड. लॅबमधल्या बहुतेक चुका सॅम्पल मशीनवर चढण्याच्या आधीच झालेल्या असतात, आणि गंमत म्हणजे तू रडतखडत पाठ केलेलं बायोकेमिस्ट्रीचं ज्ञान इथेच उपयोगी पडतं. ग्लुकोजचं सॅम्पल घे. प्लेन ट्यूब सेंट्रिफ्यूज न करता ठेवून दिली तर पेशी आतलं ग्लुकोज खात राहतात, सामान्य तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणून करड्या टोपीच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड घालतात. पण फ्लोराइड घातलं तरी पहिला तास-दोन तास ग्लुकोज थोडं उतरतच राहतं. का? फ्लोराइड एनोलेज या एन्झाइमला अडवतं, आणि एनोलेज म्हणजे ग्लायकोलिसिसची नववी पायरी. वरच्या आठ पायऱ्या लगेच थांबत नाहीत. त्या दहा पायऱ्या परीक्षेसाठी पाठ केल्या होत्यास ना? त्या इथे कामाला येतात.

निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सायट्रेट असतं, एका भागाला नऊ भाग रक्त या हिशेबानं. ट्यूब अर्धीच भरली तर रक्ताच्या मानानं सायट्रेट जास्त होतं. हे जादा सायट्रेट टेस्ट करताना आपण घातलेल्या कॅल्शियमला गिळतं, आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाचच लांबतो. पेशंटचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५५ च्या वर असेल तर ट्यूब काठोकाठ भरूनही तेच होतं, कारण मग मुळात प्लाझ्माच कमी असतो. लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त असतं, म्हणून रक्त सुईतून जोरानं ओढलं किंवा ट्यूब घुसळली की पेशी फुटतात आणि पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही पेशींमधली एन्झाइम, सगळं वर चढतं. ट्यूब भरण्याचा क्रम, म्हणजे कल्चरची बाटली, निळी, प्लेन, हेपॅरिन, जांभळी, करडी, हाही पाठ करावा लागत नाही. प्रत्येक ट्यूबमधलं रसायन थेंबभर पुढच्या ट्यूबमध्ये गेलं तर काय बिघडेल असा विचार केलास की क्रम स्वतःच मांडता येतो.

बायोकेमिस्ट्रीत शंभर टेस्ट आहेत असं वाटतं आणि छाती दडपते. खरं तर पाच-सहा युक्त्या आहेत आणि त्याच फिरून फिरून येतात. त्यातली सर्वांत मोठी युक्ती ३४० नॅनोमीटरची. एनएडीएच (एन्झाइमांना मदत करणारे रेणू) ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात, त्यांचं दुसरं रूप एनएडी शोषत नाही. आता एएलटी हे यकृताचं एन्झाइम बघ. एएलटी अ‍ॅलॅनिनपासून पायरूव्हेट बनवतं. पायरूव्हेट थेट मोजणं कटकटीचं, म्हणून रीएजंटमध्ये लॅक्टेट डिहायड्रोजिनेज आणि एनएडीएच घालून ठेवतात. पायरूव्हेटचं लॅक्टेट होताना एनएडीएच खर्च होतं, आणि ३४० वरचं शोषण मिनिटामिनिटाला उतरत जातं. उताराचा वेग म्हणजेच एन्झाइमचं प्रमाण. एएसटीला तीच चाल, फक्त पायरूव्हेटच्या जागी ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि मॅलेट डिहायड्रोजिनेज. युरियाला अमोनिया आणि ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज. ग्लुकोजच्या हेक्झोकायनेज पद्धतीत गाडी उलटी चालते, शोषण वाढत जातं. एक कळली की चार कळल्या.

त्या युक्तीमागचं गणितही एकदा स्वतःच्या हातानं कर. एनएडीएचची मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटी, म्हणजे ते किती प्रकाश शोषतं याचं माप, ६२२० आहे. दहा लाखांना ६२२० नं भागलं की १६०.८ येतात. १ मिलिलिटर रीएजंटमध्ये १०० मायक्रोलिटर सीरम घातलं तर एकूण आकारमान सीरमच्या ११ पट, म्हणून १६०.८ गुणिले ११ बरोबर साधारण १७६८. किटच्या कागदावर छापलेला फॅक्टर १७६८ तो हाच. विद्यार्थी तो मंत्रासारखा पाठ करतात, आणि सीरम ५० मायक्रोलिटर घ्यायची वेळ आली की अडतात.

आता वहीतली पहिली ओळ: एएलटी खोटा कसा येईल? सर्वांत विचित्र उत्तर असं, की फार जास्त असला तर कमी दिसू शकतो. कावीळ झालेल्या काही पेशंटमध्ये एन्झाइम इतकं असतं की मशीन मोजायला सुरुवात करण्याआधीच एनएडीएच संपून जातं. मग रेघ सपाट, आणि सपाट रेघ म्हणजे 'एन्झाइम नाही' असा अर्थ निघू शकतो. चांगलं मशीन इशारा देतं. पण इशाऱ्याचा अर्थ समजून सॅम्पल पातळ करून पुन्हा लावणारी तू असतेस. रिअ‍ॅक्शन कर्व्ह उघडून बघायची सवय लाव. स्क्रीनवर ते बटण असतं आणि फार थोडे जण ते दाबतात.

क्रिएटिनिनची जाफे पद्धत १८८६ सालच्या निरीक्षणावर उभी आहे आणि अजूनही अनेक लॅबमध्ये चालते, कारण स्वस्त आहे. अल्कलाइन पिक्रेट क्रिएटिनिनशी नारिंगी रंग देतं. दुर्दैवानं ते कीटोनशीही देतं. त्यामुळे मधुमेही पेशंट कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये आला की मूत्रपिंड आहे त्यापेक्षा जास्त बिघडल्यासारखं दिसू शकतं. फ्रीडवाल्ड सूत्राचंही तसंच. १९७२ पासून आपण एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून एलडीएल काढतो. ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते सूत्र वापरायचं नाही. का नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, आणि 'पुस्तकात लिहिलंय' हे उत्तर त्यांना आवडत नाही.

आता स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. इथे डोकं चालवून उपयोग नाही, हातच लागतो. माझ्या पहिल्या पन्नास स्लाइड कचऱ्यात गेल्या आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. थेंब लहान घे, टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा. बहुतेक नवशिक्यांचा घोळ थेंब मोठा घेण्यातच असतो. पसरवणारी स्लाइड थेंबाला मागून टेकव, थेंब कडेभर पसरू दे, आणि ३० ते ४५ अंशांच्या कोनात, न थबकता, एका दमात पुढे ने. मधे थबकलीस की आडव्या पट्ट्या उमटतात. दाबलंस की पांढऱ्या पेशी शेपटाकडे ओढल्या जातात आणि डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) चुकतो. पेशंटला रक्तक्षय असेल तर रक्त पातळ, तेव्हा कोन वाढव आणि हात जलद चालव. रक्त घट्ट असेल तर कोन कमी कर. स्लाइड लगेच हवेत वाळव. मेथॅनॉलमध्ये पाणी शिरलं असेल तर लाल पेशींवर चमकणारी भोकं दिसतात, आणि विद्यार्थी त्यांना परजीवी समजून आनंदानं ओरडतात. मीही ओरडले होते.

रंगाचंही असंच. बफरचा पीएच ६.८ असावा. आम्लाकडे झुकला की सगळं लालभडक, अल्कलीकडे झुकला की सगळं निळसर. मलेरियाचे परजीवी शोधताना मात्र ७.२ घेतात. आणि ऑइल इमर्शनला कंडेन्सर (स्लाइडखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) वर असू दे. प्रकाश कमी करायला कंडेन्सर खाली पाडून ठेवणं ही एवढी जुनी खोड आहे की मी प्रत्येक बॅचमध्ये ती पाहते.

हिमॅटॉलॉजीच्या मशीनचं मूळ वॉलेस कूल्टर यांच्या १९५३ च्या पेटंटमध्ये आहे. पेशी बारीक छिद्रातून गेली की विजेला अडथळा होतो, अडथळा मोजायचा. कल्पना इतकी साधी असल्यामुळे ती फसते कुठे हेही साधंच आहे. छिद्रातून जे जातं ते मशीन आकारावरून ओळखतं. ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. त्या गुठळ्या मशीन प्लेटलेट म्हणून मोजत नाही, आणि रिपोर्टवर २८ हजार असा भयंकर आकडा येतो. स्मिअरच्या शेपटाकडे बघितलं की गुठळ्या सापडतात. मग सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त पुन्हा घ्यायचं आणि आलेल्या संख्येला १.१ नं गुणायचं. गुणायचं का, ते वर निळ्या ट्यूबच्या हिशेबात आहे, शोधून काढ.

आकडे एकमेकांना साक्षी असतात हेही इथेच शिकायला मिळतं. हिमोग्लोबिनला तीननं गुणलं की साधारण हिमॅटोक्रिट यायला हवा. हा नियम पेशी नेहमीच्या आकाराच्या आणि रंगाच्या असतील तेव्हाच चालतो, पण तुटला की थांबायचं. एमसीएचसी (लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनचं सरासरी प्रमाण) ३६ च्या वर गेलं की मी खुर्चीत सरळ होऊन बसते. खरं कारण स्फेरोसाइट, म्हणजे चेंडूसारख्या गोल झालेल्या लाल पेशी, असू शकतं. सीरम दुधासारखं असेल तर हिमोग्लोबिन खोटं वाढलेलं असतं. थंडीत पेशींना एकत्र बांधणारी अँटिबॉडी असेल तर लाल पेशींची संख्या हास्यास्पद कमी दिसते. ट्यूब ३७ अंशांना गरम करून लगेच लावली की सगळं जागेवर येतं. तो क्षण फार समाधानाचा असतो. कुणी टाळ्या वाजवत नाही, तरीसुद्धा.

गणित कच्चं आहे म्हणतेस. लागतं ते शाळेतलंच: गुणोत्तर, सरासरी, टक्केवारी आणि थोडी संभाव्यता. पण ते लागतं, त्याला वळसा नाही. नॉर्मल रेंज म्हणजे काय, हे गणितात बघ. निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात बसतात तो पट्टा. म्हणजे ठणठणीत माणसांपैकी ५ टक्के प्रत्येक टेस्टला बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर किमान एक तरी रेंजबाहेर येण्याची शक्यता किती? ०.९५ ला स्वतःशी वीस वेळा गुणून १ मधून वजा कर. ६४ टक्के. 'फुल बॉडी चेकअप'च्या रिपोर्टवर काहीतरी ठळक अक्षरात का छापून येतं, ते कळलं ना?

आणखी एक गणित. एखादा आजार हजारात एकाला आहे. टेस्ट ९९ टक्के संवेदनशील, ९९ टक्के विशिष्ट, म्हणजे उत्तम. एक लाख लोकांची केली. १०० आजारी, त्यातले ९९ पकडले. उरलेल्या ९९,९०० निरोगी लोकांपैकी ९९९ जण चुकून पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आलेल्या १,०९८ मधले खरे आजारी फक्त ९९, म्हणजे ९ टक्के. टेस्ट तीच, पण ज्यांच्यावर केली ते लोक बदलले की रिपोर्टचा अर्थ बदलतो. हे एकदा कागदावर केलंस की कन्फर्मेटरी टेस्ट कशासाठी असते ते वेगळं सांगावं लागत नाही.

क्वालिटी कंट्रोलचा पेपर सर्वांत रटाळ म्हणून बदनाम आहे, आणि नोकरीत रोज सकाळी पहिलं काम तेच. लीव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये कारखान्यातला कंट्रोल चार्ट लॅबमध्ये आणला. वेस्टगार्ड यांचे नियम १९८१ चे. ते नियम का आले? कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं सॅम्पल) २ एसडीच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या, बाहेर गेला की रन रद्द, असं ठरवलं तर सगळं व्यवस्थित असतानाही प्रत्येक वीस वेळांमागे साधारण एकदा काम थांबतं, दोन कंट्रोल लावले तर दहातून एकदा. मग लोक वैतागतात आणि कंट्रोल बसेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत राहतात. ही सर्वांत वाईट सवय, आणि ती तुला क्लिनिकल पोस्टिंगमध्ये दिसेल. दिसली तरी उचलू नकोस. वेस्टगार्डचे नियम बिघाडाची जात ओळखायला शिकवतात. एक कंट्रोल ३ एसडीबाहेर किंवा दोघांमधलं अंतर ४ एसडी, तर अचानक धक्का: बुडबुडा, अडकलेलं पिपेट. लागोपाठ दोनदा एकाच बाजूला २ एसडीबाहेर किंवा सलग दहा एकाच बाजूला, तर सरकलेलं कॅलिब्रेशन किंवा म्हातारं झालेलं रीएजंट. चार्ट डॉक्टरांच्या ईसीजीसारखा वाचायचा असतो.

मायक्रोबायोलॉजीबद्दल थोडक्यात, कारण तो विषय तुला वेळ देऊनच येईल, सल्ल्यानं नाही. जंतू ओळखायचा ग्रॅम स्टेन १८८४ पासून तोच आहे आणि चूकही तीच: अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं की ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूही गुलाबी होतात. म्हणून प्रत्येक वेळी शेजारी ओळखीच्या दोन जंतूंची कंट्रोल स्लाइड. थुंकीच्या (खोकून काढलेल्या बेडक्याच्या) स्मिअरमध्ये तोंडातल्या चपट्या पेशींचा बुजबुजाट असेल तर ती लाळ आहे. तिचं कल्चर लावणं म्हणजे तोंडातले जंतू मोजणं. लघवीच्या कल्चरला ०.००१ मिलिलिटरच्या लूपनं लावलेल्या प्लेटवर १०० कॉलनी आल्या तर मिलिलिटरला एक लाख. अँटिबायोटिकच्या टेस्टला जंतूंच्या द्रवाचा गढूळपणा मॅकफार्लंड ०.५ आणि प्लेटमधल्या मुलर-हिंटन अगारची जाडी ४ मिलिमीटर. अगार जाड झालं की औषध खालीही पसरतं, वर्तुळ लहान दिसतं, आणि चालणारं औषध 'चालत नाही' म्हणून लिहिलं जातं.

रक्तपेढी मात्र थोड्या भीतीनं शिकावी. बाकी ठिकाणचा चुकलेला रिपोर्ट बहुतेकदा दुरुस्त करता येतो. चढवलेलं रक्त परत काढता येत नाही. पेशींचा गट आणि सीरमचा गट, फॉरवर्ड आणि रिव्हर्स, दोन्ही बाजूंनी बघायचं ते त्यासाठी. याचं सर्वांत सुंदर उदाहरण बॉम्बे ब्लड ग्रुप, जो १९५२ मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणला. या लोकांच्या लाल पेशींवर ए अँटिजेन नाही, बी नाही, आणि ओ गटात भरपूर असणारं एचसुद्धा नाही. फॉरवर्डला गट 'ओ' दिसतो. रिव्हर्सला फक्त ए आणि बी पेशी लावल्या तरी 'ओ'च दिसतो. ओ पेशीही लावल्यास, तर मात्र त्या एकमेकींना चिकटतात, कारण या लोकांच्या सीरममध्ये अँटी-एच असतं. ती तिसरी ट्यूब वाचवली आणि क्रॉसमॅचही (दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का ते) नीट बघितला नाही, तर माणूस जाऊ शकतो. लाल पेशींवर चिकटलेली अँटिबॉडी शोधणाऱ्या कूम्ब्स टेस्टलाही (१९४५ ची) तीच शिस्त. पेशी नीट धुतल्या नाहीत तर उरलेलं सीरम रीएजंटला निकामी करतं आणि सगळं निगेटिव्ह दिसतं. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये चेक सेल, म्हणजे आधीच अँटिबॉडी चिकटवलेल्या पेशी, घालायच्या. त्या एकमेकींना चिकटल्या तरच तुझं निगेटिव्ह खरं.

आणि एवढं सगळं रसायन शिकूनही जीवघेण्या चुकांचं मोठं कारण ओळखीत असतं: चुकीच्या माणसाचं रक्त, बरोबर लेबल. माझ्या हातूनही दोन ट्यूब रॅकमध्ये अदलाबदल झाल्या होत्या, बायोकेमिस्ट्रीच्या. एका पेशंटचं क्रिएटिनिन आदल्या दिवशी ४.८ होतं, त्या दिवशी ०.९ आलं. मूत्रपिंड एका रात्रीत असं बरं होत नाही. मागच्या रिपोर्टशी ताडून बघणं, म्हणजे डेल्टा चेक, होता म्हणून रिपोर्ट बाहेर जायच्या आधी सापडलं. मी लगेच सांगितलं, नोंदवहीत लिहिलं, आणि संध्याकाळभर कुणाशी बोलले नाही. तरीही लगेच सांगितलं हेच बरं झालं. या पेशात चूक करणाऱ्यापेक्षा चूक लपवणाऱ्याची जास्त भीती वाटते.

इम्युनोअसे, म्हणजे अँटिबॉडी वापरून मोजण्याच्या टेस्ट, साधारण तिसऱ्या वर्षात येतील, तेव्हा दोन गोष्टी आठव. सँडविच पद्धतीत मोजायचा पदार्थ दोन अँटिबॉडींच्या मधे पकडतात; तो प्रचंड असेल तर दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविच बनतच नाही आणि आकडा कमी दिसतो. यालाच हूक इफेक्ट म्हणतात. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांचं, बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरणाऱ्या मशीनवर थायरॉइडच्या टेस्टमधलं टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येऊ शकतं. हुबेहूब हायपरथायरॉइड. पेशंटला काहीच झालेलं नसतं.

रोजचा अभ्यास कसा करायचा, तर जर्नल शेवटच्या आठवड्यात मैत्रिणीचं उतरवून काढू नकोस. प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी, आलेला आकडा लिही, चुकीचा आला असला तरी तोच लिही, आणि का चुकला असेल त्याचे अंदाज लिही. परीक्षकाला बरोबर उत्तरांचं जर्नल ढीगभर दिसतं. 'ग्लुकोज १४० यायला हवं होतं, ११८ आलं, पिपेटच्या टोकाला थेंब राहिला असावा' असं लिहिलेलं क्वचित दिसतं. पोस्टिंगला गेलीस की रिजेक्ट झालेल्या सॅम्पलची नोंदवही मागून वाच. कुठल्याही पुस्तकापेक्षा ती जास्त शिकवते. रात्रपाळी मिळाली तर नाक मुरडू नकोस; रात्री विचारायला कुणी नसतं, म्हणून डोकं चालतं.

पुढच्या वाटांबद्दल एवढंच, की देशागणिक या पेशाची नावं आणि नोंदणीचे नियम बदलतात. अमेरिकेत मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट म्हणतात, ब्रिटनमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट. जिथे काम करायचा विचार आहे तिथे तुझी पदवी चालते का, किती तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण मागतात, हे आत्ताच तपास. शेवटच्या वर्षी कळलं तर फार उशीर होतो. रुग्णालयाबाहेरही कामं आहेत: रीएजंट कंपन्या, मशीन बसवणं आणि शिकवणं, क्लिनिकल ट्रायलच्या लॅब, आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबसाठीच्या मानकानुसार मानांकनाची तपासणी. मॉलिक्युलरकडे ओढा असेल तर पीसीआरची खोली आणि सॅम्पलची खोली वेगळी का असते यापासून सुरू कर, यंत्रांच्या नावांपासून नको.

आणि हेपटायटिस बीच्या लशीचा कोर्स झाला नसेल तर पोस्टिंगच्या आधी पूर्ण कर. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीनं तयार होणारी अँटिबॉडी) तपासून घे, किमान १० हवं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, कितीही घाई असली तरी.